बटनाचा गिअर

सायकलीस गिअर म्हणजे निव्वळ चैन, असें मानणारे लोक आपल्याच आळींत होते असें नव्हे. 'तूर द फ्रांस' या प्रसिद्ध शर्यतीचे संचालक आंरी देग्रांज हे स्वतः नाणावलेले सायकलस्वार. १८९३ सालीं एका तासांत सर्वांत अधिक अंतर तोडण्याचा विक्रम त्यांच्या नांवावर होता. परंतु साखळी एका दांतेरी चकतीवरून दुसरीवर नेणारा 'डिरेलर' त्यांस मुळींच पसंत नव्हता. १९०३ सालीं सुरू झालेल्या त्या शर्यतींत त्यास मुभा मिळावयास १९३७ साल उजाडलें. तेव्हां आज कोणी गृहस्थ घरीं बांधलेल्या सायकलीवर बटन दाबून गिअर बदलण्याची खटपट करूं लागला, तर शेजाऱ्यांनीं हंसावें हें परंपरेस धरूनच आहे. आम्हांस मात्र ही खटपट हंसण्यावारीं नेण्यासारखी वाटत नाहीं.

मोठ्या कारखान्यांसहि ही गोष्ट एका दमांत साधली नाहीं. फ्रान्समधील माव्हिक कंपनीनें १९९२ च्या सुमारास 'झॅप' नांवाची योजना पुढें आणिली. तिची युक्ति मोठी रम्य होती: बॅटरीनें केवळ आंतील अडसर सरकवावयाचा, डिरेलर हलविण्याचें बळ फिरत्या साखळीनें, म्हणजे स्वाराच्याच पायांनीं, पुरवावयाचें! परंतु पावसाची ओल तिला मानवली नाहीं. २००९ सालीं जपानच्या शिमानो कंपनीचा विद्युत्-गिअर बाजारांत आला, तेव्हां कोठें ही कल्पना स्थिरावली. तो उत्तम आहे यांत शंका नाहीं, महागहि आहे.

घरीं सायकल बांधणाऱ्यांस विजेची गरज कां भासावी? पाठ टेकून, पाय पुढें पसरून चालवावयाच्या सायकलीचें उदाहरण घ्या. (अशाच सायकलीवर १९३३ सालीं फ्रांसिस फोर यानें तासाभरांत ४५ किलोमीटरांहून थोडें अधिक अंतर तोडलें, आणि पुढच्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय मंडळानें असल्या सायकली शर्यतींतून बाद केल्या!) हिच्यांत हँडलापासून मागील चाकापर्यंत गिअरची तार लांबून, वळणें घेत न्यावी लागते. प्रत्येक वळणावर घर्षण वाढतें. आणि आठ चकत्यांच्या संचांत एका चकतीपासून दुसरी अवघी ४.८ मिलिमीटरांवर असते. तार किंचित् अडली कीं साखळी मध्येंच कुरकुरूं लागते. विजेच्या तारेस वळणांची बाधा नाहीं.

सामग्री थोडकी आहे. हौशी लोक उडवितात त्या लहान विमानांतील 'सर्व्हो' मोटर, दोन बटनें, बॅटरी आणि आर्डुइनोसारखी एक गणकपट्टी. मोटरीस दर २० मिलिसेकंदांनीं एक विद्युत्-स्पंद द्यावयाचा. तो एक ते दोन मिलिसेकंदांच्या दरम्यान जितका लांबवावा, तितका मोटरीचा हात फिरतो. परंतु हात वर्तुळांत फिरतो आणि डिरेलर ओढावयाचा असतो सरळ रेषेंत. त्यामुळें सारख्या अंशांनीं सारखी ओढ मिळत नाहीं. प्रत्येक चकतीची जागा पेडल फिरवून, कान देऊन ठरवावी व गणकाच्या स्मृतींत वेगवेगळी नोंदवावी. येथें घाई करणाऱ्याचा गिअर कधींच नीट बसत नाहीं.

खरी मेख स्प्रिंगेंत आहे. ती डिरेलरास सदैव एकाच बाजूस ओढीत असते. मोटरीनें तिला धरून ठेवावें तर वीज अखंड खर्च होते. वीज तोडावी तर हात मागें फिरण्याचें भय. म्हणून जाणते कारागीर मध्यें बारीक आट्यांचें मळसूत्र घालतात. मोटर मळसूत्रास फिरविते, पण स्प्रिंगेला तें उलट फिरवितां येत नाहीं. त्यामुळें वीज लागते ती गिअर बदलण्यापुरतीच. बदल किंचित् मंद होतो, तो सोसावा. डिरेलराच्या दोन्ही टोकांचे मर्यादा-स्क्रू मात्र काढूं नयेत. गणक चुकला तर साखळी चाकाच्या आऱ्यांत जाऊन स्वार पडेल. आणि मोटर त्यांवर रेटत राहून जळूं नये, म्हणून तिनें त्यांच्या थोडें अलीकडेच थांबावें.

ज्यांच्या बोटांस संधिवातानें ग्रासलें आहे, किंवा ज्यांचा एकच हात धड आहे, त्यांस गिअरची कळ रेटणें जड जातें व पुष्कळदां सायकलच सुटते. बटनास बळ लागत नाहीं. तें तळव्याखालीं, अंगठ्याशीं, जेथें त्या मनुष्याचा हात पोहोंचेल तेथें बसवितां येतें. अशा कोणासाठीं आपल्या घरांतील एखादा खटपटी मुलगा वा मुलगी हा उद्योग करूं म्हणेल, तर बॅटरीचा खर्च द्यावा व पेटी पावसांत न्यावयापूर्वीं रबरी पट्टीनें बंद करावयास सांगावें. ब्रेक मात्र मोटरीवर सोंपवूं देऊं नयेत. तेथें जुनी तारच असावी.