क्रमांकाची पाटी आणि सैनिकाचा सन्मान

पेण तालुक्यातील जिते हे मुंबई-गोवा महामार्गालगतचे गाव. या रस्त्यावर नोंदणीक्रमांकाच्या शेजारी ‘आर्मी’ किंवा ‘माजी सैनिक’ अशी अक्षरे रंगविलेली खासगी मोटार दिसणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. वस्तुतः क्रमांकाच्या पाटीवर नोंदणीक्रमांकाखेरीज अन्य नाव वा चित्र असणे नियमाला मान्य नाही. उभ्या बाणाचा क्रमांक तर केवळ सैन्याच्या सरकारी वाहनांचा असतो. तरीही अमेरिकेतील अनेक राज्ये माजी सैनिकांना खास पाट्या देतात, मग आपल्याकडेच त्या का नसाव्यात, असा प्रश्न केला जातो.

प्रश्न अप्रामाणिक नाही. पण त्यात एक गफलत आहे. तिकडे अशी पाटी मिळविण्यासाठी सेवेचा पुरावा द्यावा लागतो. पुरावा माणसाचा आणि पाटी मात्र गाडीची! ती गाडी उद्या मुलगा चालवील, परवा पुतण्या नेईल. नाक्यावरील पोलिसाने सलाम कोणाला करावयाचा? आपल्या टोलच्या नियमांनी ही अडचण शहाणपणाने टाळली आहे. राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या 2008 च्या नियमांनुसार परमवीरचक्रापासून शौर्यचक्रापर्यंतच्या सहा पदकांच्या मानकऱ्यांना मिळणारी माफी त्यांच्या छायाचित्रयुक्त ओळखपत्रावर मिळते, पाटीवर नव्हे. सवलत माणसाबरोबर राहते, हेच योग्य होय.

सैनिकाची खरी अडचण निराळीच आहे. पेणच्या परिवहन कार्यालयात ‘एमएच 06’ या मालिकेत गाडी नोंदविलेला जवान बदली होऊन अंबाल्यास गेला, की मोटार वाहन कायद्याच्या 47 व्या कलमानुसार परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या त्या गाडीला नवा क्रमांक घ्यावा लागतो. मग ना हरकत दाखला, तिकडचा कर आणि इकडे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज ही यातायात आलीच. ज्याची बदली दोन-तीन वर्षांनी ठरलेली, त्याने हे किती वेळा करावे?

सप्टेंबर 2021 पासून सुरू झालेली ‘बीएच’ मालिका यावरच उतारा आहे. सैन्यदलांतील व्यक्ती तिला पात्र आहेत. त्यांच्याबरोबर केंद्र व राज्य सरकारांचे कर्मचारी आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी संस्थांचे नोकरही आहेत. हा क्रमांक शौर्याची ग्वाही देत नाही, बदलीची सोय करतो. सैनिकाला कारकुनाच्या पंक्तीला बसविले म्हणून कोणी नाक मुरडील. परंतु बदली दोघांचीही होते. निवृत्तांना नव्याने हा क्रमांक मिळत नाही, यातही अन्याय नाही, कारण त्यांची बदली संपलेली असते. कर आरंभी दोन-दोन वर्षांचा भरावयाचा असल्याने मुदतीचे भान मात्र राखावे लागते.

डिसेंबर 2022 च्या दुरुस्तीने जुन्या क्रमांकाच्या गाड्यांनाही पात्र मालकाच्या अर्जावर या मालिकेत येण्याची मुभा दिली. रजेवर गावी आलेल्या जवानाला हे ठाऊक असतेच असे नाही. ही माहिती, लागणाऱ्या कागदांसह, पेणच्या परिवहन कार्यालयात आणि अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दर्शनी भिंतीवर साध्या मराठीत लावावी. जवानाची रजा थोड्या दिवसांची असते. त्यातील दोन दिवस खिडकीसमोरील रांगेत जाऊ नयेत.