नमुना कुणाचा घेतला, ते आधी सांगा

गेल्या आठ-दहा दिवसांपासून बोरीतल्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच गुगल फॉर्म फिरतोय. विषय : मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे मानसिक आरोग्य. खाली विनंती, कृपया पाच मिनिटे द्या व फॉर्म पुढे पाठवा. कुठलं विद्यापीठ, कोण गाईड, ते इथं लिहीत नाही. मुद्दा एका फॉर्मचा नाहीच.

फॉर्म उघडला की पहिल्यांदा ईमेल आयडी मागतो. इथंच अर्धं गाव बाहेर पडलं. पुढं विचारलंय, गेल्या दोन आठवड्यांत आपणास विषण्णता जाणवली का? कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. लोकहो, खरं सांगा, आपल्याकडं विषण्णता कुणाला जाणवते? आपल्या माणसाचं कशात मन लागत नाही, डोकं चालत नाही, जेवण गोड लागत नाही, धास्ती बसते. आणि बहुतेक वेळा तो यातलं काहीच बोलत नाही, नुसता गप गप राहतो. बायको म्हणते, हल्ली चिडचिड लई वाढलीय. हे त्या चार पर्यायांत कुठं बसवायचं?

आणि फॉर्म भरतंय कोण? शिक्षक, सेतूवाला, स्पर्धा परीक्षेची पोरं, कृषी केंद्रवाले, आम्ही पत्रकार. ज्याच्या मागं फायनान्सवाल्याचा तगादा लागलाय तो अनोळखी नंबर उचलत नाही, ग्रुप म्यूट करून ठेवतो, नाहीतर फोनला रिचार्जच नसतो. म्हणजे ज्याची चौकशी करायला हा सगळा खटाटोप, तोच त्यात नाही. याला पुस्तकात 'सोयीचा नमुना' म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. सोय संशोधकाची.

आता गंमत बघा. माती परीक्षणाला नमुना कसा घ्यायचा हे आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं गावोगाव सांगून ठेवलंय. बांधाजवळची माती घेऊ नका, झाडाखालची नको, उकिरड्याच्या जागेची नको. रानात नागमोडी चाला, आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्या, सगळी माती एकत्र करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. शेतकऱ्याला हे तोंडपाठ आहे. पीक विम्याच्या कापणी प्रयोगाचंही तसंच. प्लॉट कुठला निघाला यावरून मंडळात भांडणं होतात, कारण सगळ्यांना कळतं की चुकीचा प्लॉट घेतला तर पूर्ण मंडळाचा विमा जातो. हे यादृच्छिक पद्धतीनं प्लॉट काढून पीक कापायचं शास्त्र १९४० च्या दशकात देशभर बसवण्यात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन मराठी माणसांचा मोठा वाटा. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे.

म्हणजे सोयाबीनचा उतारा काढायला आम्ही चिठ्ठी टाकून प्लॉट निवडणार, आणि माणसाच्या मनाचा उतारा काढायला फॉर्म फॉरवर्ड करणार. मातीपेक्षा मन स्वस्त झालंय काय?

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'सर, आमच्याकडे पाचशे रिस्पॉन्स आलेत.' पाचशे काय, लाख आले तरी काय? १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून सांगितलं, लँडन जिंकणार. रुझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडं असणार? शिवाय पत्र परत पाठवायची हौस कुणाला, हाही प्रश्न होताच. त्याच निवडणुकीत गॅलपनं त्यामानानं मूठभर लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला.

आता आपल्या घरातलं. २०२३ मध्ये विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांच्या काळात मराठवाड्यातल्या सुमारे दहा लाख शेतकरी कुटुंबांचं सर्वेक्षण झालं. लाखाहून जास्त शेतकऱ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत, असा आकडा पेपरात आला. पेरणीआधी एकरी दहा हजार द्या, अशी शिफारस होती. पुढं केंद्रेकरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या माणसाला नावं ठेवायचा माझा इरादा नाही, निदान त्यांनी विचारलं तरी. पण बातम्या झाल्या त्या आकड्याच्या. प्रश्न काय होता, कुणी विचारला, घरात बसून विचारला की चावडीवर चार माणसांत, यावर कुणी बोललं नाही. सरकारी माणूस दारात आला की आपल्याकडं दोन हिशोब लगेच सुरू होतात : यातून काही मिळणार का, आणि यातून काही अडकणार का. पहिला हिशोब आकडा फुगवतो, दुसरा दाबतो. कुठला किती, हे दहा लाख घरं फिरूनही कळत नाही, पद्धत तशी आखली तरच कळतं. आणि पद्धत कच्ची राहिली की मुंबईत बसलेल्याला अहवाल बाजूला ठेवायला निमित्त मिळतं. मरण शेवटी आपलंच होतं.

'हे पुस्तकी वाद आहेत' म्हणणाऱ्यांनी पुढचे आकडे बघावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशोबात २०१३ साली देशात ११,७७२ शेतकरी आत्महत्या होत्या. २०१४ साली झाल्या ५,६५०. निम्म्यावर! चमत्कार नव्हता. त्या वर्षी रकाने बदलले आणि शेतमजूर वेगळे काढले, ते ६,७१०. बेरीज करा, १२,३६०. माणसं मरायची थांबली नव्हती, फक्त वहीतलं पान बदललं. आणि २०१५ च्या जुलैत केंद्रीय कृषिमंत्री राधामोहन सिंह यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं. त्यात कारणांच्या यादीत कौटुंबिक अडचणी आणि आजारासोबत प्रेमप्रकरण अन् नपुंसकत्वसुद्धा. देशभर संताप झाला. पण ते उत्तर कुठून आलं? त्याच गुन्हे नोंदीतून. म्हणजे ठाण्यातल्या हवालदारानं पंचनाम्याच्या दिवशी, घरातला आक्रोश चालू असताना, एका रकान्यात जे लिहिलं त्यातून. एका मरणाला एक कारण. हे मानसशास्त्र कुणी शिकवलं?

जिल्हा समितीचे निकष घ्या. जमीन कुटुंबाच्या नावावर पाहिजे. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं पाहिजे. बटईनं करणारा बसत नाही, हातउसने घेतलेले बसत नाहीत, साडीत गुंडाळून गहाण टाकलेलं मंगळसूत्र बसत नाही. प्रकरण 'अपात्र'. मदतीसाठी निकष लावा, माझं म्हणणं नाही. पण तीच पात्र-अपात्रची यादी घेऊन कुणी प्रबंध लिहितो, आणि निष्कर्ष काढतो की आत्महत्या करणारे बहुतेक जमीनधारक, कर्जबाजारी पुरुष असतात. अहो, यादीत घ्यायची अटच ती होती!

आणि याच्या उलट बाजूचेही तेवढेच उथळ. मयताच्या घरी जायचं, कर्ज दिसलं की लिहायचं, कारण कर्ज. दारू दिसली की दुसरा लिहितो, कारण दारू. शेजारच्या घरात कर्ज नाही का? दारू नाही का? तो जिवंत आहे, मग फरक कशाचा? हे विचारायचं तर शेजारीही जावं लागतं. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या श्रीजित मिश्रांनी २००६ च्या अहवालात हेच केलं. वर्धा, वाशिम, यवतमाळमधली आत्महत्येची १११ प्रकरणं आणि तुलनेला आत्महत्या न झालेली १०६ घरं. घरं शेकड्यातच, पण त्यातून कळतं ते हजार फॉर्मांतून कळणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. तिथं काम सुरू होण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा लोकसंख्येतून नमुना घेऊन मोजलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले. २०१७ मध्ये हे लॅन्सेटच्या मानसोपचाराच्या नियतकालिकात छापून आलं. म्हणजे विदर्भात, खेड्यात, मराठीत हे जमतं. जमत नाही म्हणणाऱ्यांना करायचं नसतं.

हा रोग आपलाच आहे असंही नाही. २००८ साली जेफ्री आर्नेट यांनी मानसशास्त्राची सहा नावाजलेली नियतकालिकं तपासली. अभ्यासलेल्या माणसांपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली निघाली. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा १२ टक्के. त्यातही कॉलेजची पोरं भरपूर. त्यांच्यावरून 'माणूस असा वागतो' म्हणून पुस्तकं लिहिली, आणि तीच आपल्या बीएच्या वर्गात पाठ होतात. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० छापील प्रयोग पुन्हा करून बघितले, तर जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये ठळक निष्कर्ष परत मिळाला. निदान त्यांनी तपासलं. आपल्या विद्यापीठांतले प्रबंध परत तपासायला कोण बसलंय?

आणखी एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं घेतली होती. शेजारचा गुजरात होता, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होतं. महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांत वर्षानुवर्षं वरच्या नंबरला असलेलं राज्य!

फॉर्म पाठवणाऱ्या मुलीवर माझा राग नाही. तिला मार्चच्या आत जमा करायचंय. राग गाईडवर आहे, ज्यानं विषय मराठवाड्याएवढा दिला आणि साधन व्हॉट्सअ‍ॅपएवढं. मतदार यादी निवडणूक आयोगाच्या साईटवर फुकट मिळते. बोरीची घ्या, चिठ्ठ्या टाकून तीस घरं काढा. ज्याचं नाव निघालं त्याच्याच घरी जा. तो रानात असेल तर संध्याकाळी जा, नसेल तर परत जा, तिसऱ्यांदा जा. शेजारचा मोकळा बसलाय म्हणून त्याला धरू नका. बाईला एकटीला विचारा, दारात सासरा उभा असताना नको. प्रश्न आधी आपल्या भाषेत पाच-सहा जणांना वाचून दाखवा, काय समजले ते विचारा. आणि शेवटी शीर्षक द्या, बोरीतल्या तीस घरांचा अभ्यास. मराठवाडा काढून टाका. असा प्रबंध आला तर मी स्वतः त्याची पान एकची बातमी करतो.

तोपर्यंत ग्रुपवरच्या मित्रांना एवढंच : फॉर्म आला तर भरण्याआधी खाली विचारा, नमुना कसा निवडला? उत्तर आलं तर इथं कमेंटमध्ये टाका. आणि फॉर्मात 'जगणं नकोसं वाटतं का' असा प्रश्न असेल, तर 'हो' म्हणणाऱ्याला नंतर फोन कोण करणार, हेही विचारा. टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी बघितलेल्या फॉर्मात तोसुद्धा दिलेला नव्हता.