समासांतली भिंत

एकत्र कुटुंबाचा विषय निघाला म्हणजे बहुतेकांस मनें जुळण्याची काळजी वाटते. भिंतींचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः वृद्ध आईवडिलांस जवळ ठेवावयाचें तर मनांत जागा असून भागत नाहीं. तळमजल्यावर एक खोली, तिला लागून न्हाणीघर व शौचकूप, आणि पायऱ्या चढाव्या लागणार नाहींत असें दार, इतकें तरी पाहिजेच. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, व त्यांतलीं बरींच न्यू जर्सी राज्यांत आहेत. आईवडिलांनीं तिकडे जाऊन राहावयाचें ठरलें कीं घर वाढविण्याचा विचार सुरू होतो. नकाशा नगरपालिकेकडे जातो, आणि पुष्कळदां उत्तर येतें कीं, नवी भिंत समासांत येते, सबब परवाना देतां येत नाहीं. अशा प्रसंगीं काय करावें, तें आज पाहूं.

वहीच्या पानाला समास सोडतात, तसें तिकडे घराच्या पुढें, मागें व दोन्ही बाजूंस ठराविक अंतर मोकळें सोडावें लागतें. आपल्याकडील नगरपालिकाहि त्यास सामासिक अंतर असेंच म्हणतात. न्यू यॉर्क शहरानें १९१६ सालीं शहरभर लागू होणारे विभागनियम केले. उंच इमारतींच्या सावलीनें रस्ते काळवंडूं लागले होते, हें त्याचें एक कारण. १९२६ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ओहायोंतील युक्लिड गांवाच्या खटल्यांत असे नियम वैध ठरविले, आणि १९२७ सालीं रोनोक शहराच्या खटल्यांत रस्त्यापासून घर मागें घेण्याचा नियमहि उचलून धरला.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणें एखाद्या खिडकींतून २० वर्षें निर्वेधपणें उजेड येत असेल, तर त्या उजेडावर घरधन्याचा हक्क जडतो. मूळच्या इंग्रजी कायद्यांतील हें तत्त्व अमेरिकेंतील न्यायालयांनीं सामान्यतः स्वीकारलें नाहीं. तेव्हां तेथें शेजाऱ्याच्या उजेडाची व वाऱ्याची राखण मुख्यतः हा समासच करतो. त्यांतून सूट मागणें म्हणजे शेजाऱ्याच्या वांट्याचें थोडेंसें आकाश मागणें होय, हें आधीं समजून घ्यावें.

विभागनियमांचा अंमल कोठवर चालावा, याचाहि निर्णय त्या देशांत झाला आहे, व तो आमच्या वाचकांस विशेष समाधान देईल. ओहायोंतील ईस्ट क्लीव्हलंड शहरानें ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या इतकी आखूड केली होती कीं, इनेझ मूर नांवाच्या आजीबाईंनीं आपल्या दोन मुलांचे दोन मुलगे एकाच घरांत सांभाळले, हा गुन्हा ठरला. त्यांतला एक नातू आई वारल्यामुळें आजीकडे आला होता. बाईंना ५ दिवसांची कैद व २५ डॉलर दंड अशी शिक्षा झाली. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो नियम रद्दबातल ठरविला. आजीनें कोणतीं नातवंडें जवळ ठेवावीं, हें नगरपालिकेनें सांगावयाचें नाहीं, असा त्याचा इत्यर्थ. परंतु घराची भिंत कोठें उभी राहावी, हें सांगण्याचा तिचा अधिकार कायम आहे. पुष्कळ गृहस्थांची गफलत होते ती येथेंच. प्रश्न भिंतीचा असतो आणि ते उत्तर कुटुंबाचें देतात.

न्यू जर्सीच्या १९७५ च्या कायद्यांत नियमांतून सूट मागण्याची सोय आहे. तिला तिकडे ‘व्हेरिअन्स’ म्हणतात. अर्ज बहुधा गांवच्या झोनिंग बोर्डापुढें जातो. त्यावर गांवांतलेच ७ रहिवासी सभासद असतात. अर्जदारानें आपल्या जागेपासून २०० फुटांच्या आंत ज्यांची मालमत्ता आहे त्या प्रत्येकास सुनावणीच्या निदान १० दिवस आधीं लेखी सूचना द्यावयाची व ती जाहीररीत्याहि प्रसिद्ध करावयाची. सुनावणी उघड चालते. अर्जदार शपथेवर बोलतो. शेजारी येऊन प्रश्न विचारूं शकतात व हरकत घेऊं शकतात.

बोर्ड काय पाहतें? जमिनीचा अरुंदपणा, आकार, चढउतार, अथवा तिच्यावर आधींपासून कायदेशीरपणें उभी असलेली इमारत, यांमुळें नियम पाळणें विशेष जाचक होतें काय; किंवा सूट दिल्यानें होणारा लाभ तोट्याहून स्पष्टपणें अधिक आहे काय. शिवाय सार्वजनिक हितास व गांवच्या आराखड्यास मोठी बाध येतां कामा नये. नियम पाळल्यास जमीन अगदीं निरुपयोगी होईल, असें सिद्ध करण्याची मात्र गरज नाहीं. अरुंद जागेंतील एका पोहण्याच्या तलावाच्या प्रकरणीं १९९९ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें हें स्पष्ट केलें आहे.

समजा, ५० फूट रुंद जागेंत विभागनियम होण्यापूर्वीं बांधलेलें घर आहे. बाजूचा समास १० फुटांचा, पण जुनी भिंत हद्दीपासून ६ फुटांवरच आहे. मागल्या अंगास खोली काढून तिची भिंत जुन्या भिंतीच्या रेषेंत न्यावयाची, तर ४ फुटांची सूट लागते. अर्जदार जर म्हणूं लागला कीं, “आईचे गुडघे दुखतात,” तर सभासद सहानुभूतीनें ऐकतील आणि विचारतील, “खोली ४ फूट आंत कां घेत नाहीं?” याचें उत्तर नकाशानें द्यावयाचें असतें. आंत घ्यावें तर जुना जिना आड येतो. मागें उतार आहे. नवी भिंत जुनीहून तसूभरहि पुढें सरकत नाहीं व एकाच मजल्याची आहे. असें कांहींच सांगतां येत नसेल, तर खोली आंत घ्यावी हेंच बरें.

हें कठोर वाटेल, पण त्यांत न्याय आहे. सूट मिळते ती माणसास नव्हे, जमिनीस. उद्यां आईवडील राहिले नाहींत, मुलानें घर विकलें, तरी भिंत तेथेंच राहते आणि सूटहि नव्या मालकाकडे जाते. शेजाऱ्याच्या खिडकीवर सावली पडावयाची ती कायमची. याला एक अपवाद आहे. १९८८ च्या संघराज्यीय कायद्यान्वयें अपंग व्यक्तीच्या निवासासाठीं नियमांत वाजवी सवड देणें नगरपालिकेवर बंधनकारक आहे. चाकाच्या खुर्चीस वळण्यास साधारण ५ फुटांचें वर्तुळ लागतें. तेवढी न्हाणी दुसरीकडे कोठें होत नसेल, तर वैद्याच्या लेखासह तसें मागावें. मात्र केवळ वार्धक्य म्हणजे अपंगत्व नव्हे.

आमच्या भगिनींनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. एका कुटुंबासाठीं राखलेल्या विभागांत नव्या खोलींत दुसरी चूल मांडली, तर बहुधा तें दुसरें बिऱ्हाड समजलें जातें. मग प्रश्न समासाचा राहत नाहीं, वापराचा होतो. त्या सूटीस ७ पैकीं ५ मतें लागतात. सासूबाईंची खोली वेगळी असावी. स्वयंपाकघर एकच ठेवण्यांत शहाणपण आहे.

सर्वांत महत्त्वाचें काम कायद्यांत लिहिलेलें नाहीं. सूचनेचें पत्र शेजाऱ्याच्या हातीं पडण्यापूर्वीं नकाशा घेऊन त्याच्या दारीं जावें, सावली कोणत्या प्रहरीं कोठवर येईल तें दाखवावें, आणि तो खिडकीची जागा बदला म्हणाला तर बदलावी. आईवडील दिवसभर घरीं असतील ते याच शेजाऱ्याच्या सोबतीनें. आणि ज्या मुलांनीं अद्यापि घर घेतलें नाहीं, त्यांस आईवडिलांनीं येथूनच लिहावें कीं, खरेदीपूर्वीं मोजणीचा नकाशा मागवून समास किती उरतो तें पाहा. माडीवरचा दिवाणखाना मागाहून पाहिला तरी चालेल.