विश्लेषण : सवलतीत आलेले युकुलेले ठेवावे की परत करावे?

हवे होते एक, सवलतीत मिळाले दुसरे. वाद्य वाईट नाही, पण मनासारखेही नाही. परतीची मुदत चार-सहा दिवसांत संपणार. अशा वेळी निर्णय कशावर घ्यावा? वाचलेल्या पैशांवर, वाद्याच्या आवाजावर, की ते रोज हातात घेतले जाईल का, यावर?

प्रश्न नेमका काय?

समजा, सोलापुरातील एका विद्यार्थिनीला युकुलेले शिकायचे आहे. तिने ठरवले होते २३ इंची ‘कॉन्सर्ट’ मापाचे. ऑनलाइन विक्री-उत्सवात मात्र २१ इंची ‘सोप्रानो’ ४,००० रुपयांऐवजी २,२०० रुपयांना दिसले आणि तिने ते मागवले. खोके उघडल्यावर चार तक्रारी पुढे आल्या. तारा सारख्या उतरतात. पहिल्या पडद्यावर तार दाबायला जोर लागतो. पाठीवर बारीक ओरखडा आहे. आणि बोटे दाटीवाटीने बसतात.

घरात दोन मते पडतात. ‘एवढ्या स्वस्तात कुठे मिळते, ठेव,’ हे एक. ‘मनासारखे नाही तर परत कर,’ हे दुसरे. दोन्ही मते घाईची आहेत. या चार तक्रारी एका जातीच्या नाहीत आणि त्यांचा निकालही एकच लागू शकत नाही.

सवलत डोक्यात काय करते?

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये खरेदीतील समाधानाचे दोन भाग वेगळे करून दाखवले. एक भाग वस्तूच्या उपयोगाचा. दुसरा सौदा चांगला झाल्याच्या आनंदाचा. दुसरा आनंद खरा असतो, पण तो पैसे देण्याच्या क्षणीच जवळजवळ संपतो. वस्तू त्यानंतर वर्षानुवर्षे घरात राहते. कपाटावरच्या न वापरलेल्या कितीतरी वस्तू ‘चांगल्या सौद्या’तूनच आलेल्या असतात.

हातात आलेली वस्तू सोडवत नाही, हेही तितकेच खरे. डॅनियल काह्नेमन, जॅक नेट्श आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले. ज्यांच्याकडे मग होते ते तो विकायला जी किंमत मागत, ती इतर विद्यार्थी द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. मग तोच, फरक होता तो फक्त मालकीचा. युकुलेले दोन दिवस घरात राहिले, त्याच्यासोबत एखादे छायाचित्र निघाले की तेच घडते.

‘फक्त दोन नग शिल्लक’ अशा सूचनांनीही घाई होते. खोटी निकड निर्माण करणे हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केलेल्या १३ फसव्या पद्धतींपैकी एक प्रकार आहे.

म्हणून पहिली कसोटी सोपी आहे. हेच वाद्य नवी पेठेतल्या दुकानात, सवलतीच्या पाटीशिवाय, २,२०० रुपयांनाच दिसले असते तर घेतले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या कसोट्या पाहाव्यात. उत्तर ‘नाही’ असेल, तर आवडली आहे ती सवलत, वाद्य नव्हे.

कोणता दोष खरा, कोणता नुसता भास?

युकुलेले शिकणाऱ्याला सर्वांत आधी घाबरवतात त्या उतरणाऱ्या तारा. या तारा नायलॉनच्या किंवा तत्सम कृत्रिम धाग्याच्या असतात. नव्या तारा काही दिवस ताणल्या जातात आणि स्वर खाली येतो. रोज लावत राहिले की त्या स्थिरावतात. हा दोष नाही. मात्र खुंटीच ढिली असेल आणि पिळल्यावर जागच्या जागी घसरत असेल, तर तिचा स्क्रू कसावा लागतो. तेवढ्यानेही ती थांबली नाही, तर तो दोष आहे.

दुसरा भास चौथ्या तारेचा. युकुलेलेच्या चार तारा नेहमीच्या पद्धतीत जी, सी, ई, ए अशा लावतात. त्यात जी ही वरच्या बाजूची पहिली तार सी पेक्षा उंच स्वराची असते. गिटार पाहिलेल्याला वाटते की तार चुकीची बसवली आहे. प्रत्यक्षात या वाद्याचा खेळकर आवाज त्या रचनेतूनच येतो.

खरी परीक्षा बाराव्या पडद्यावर होते. तार मोकळी छेडावी आणि मग बाराव्या पडद्यावर हलके दाबून छेडावी. दोन्ही वेळा मोबाइलवरच्या ट्यूनरने एकच स्वर दाखवला पाहिजे, फक्त एक सप्तक वरचा. काटा किंचित हलला तर चिंता नको; स्वस्त वाद्यात तेवढे चालते. पण काटा दरवेळी ठळकपणे बाजूला जात असेल, तर ते वाद्य वरच्या पडद्यांवर कधीच सुरात वाजणार नाही. शिकणाऱ्याचा कान अशा वाद्याने बिघडतो आणि त्याला वाटते, आपल्यालाच जमत नाही.

घोडी उचकटलेली, दांडी वाकलेली किंवा वरच्या फळीला चीर गेलेली असेल, तर विचार करण्यासारखे काही उरत नाही. छायाचित्रे काढून वाद्य परत करावे.

मिरजेच्या वाद्यांपासून काय शिकता येते?

‘जुळवून घेता येणारा दोष’ म्हणजे काय, हे समजायला सोलापूरकरांना लांब जावे लागत नाही. पंढरपूरच्या परिसरात पिकणारे मोठे भोपळे मिरजेला जातात आणि तिथे त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोणतेही दोन भोपळे सारखे नसतात. कारागीर भोपळा निवडतो, कापतो, वाळवतो, दांडी जोडतो. तरीही वाद्य पूर्ण होत नाही. घोडीचा पृष्ठभाग बारीक घासून जवारी काढली की मग तंबोरा बोलतो. जवारी बिघडली तर तंबोरा कोणी टाकून देत नाही, पुन्हा काढून घेतो.

युकुलेलेचेही थोडेफार असेच. कारखान्यातून निघालेल्या स्वस्त वाद्याच्या तारा बऱ्याचदा पडद्यांपासून गरजेपेक्षा उंच असतात. बाराव्या पडद्यावर हे अंतर साधारण अडीच ते तीन मिलिमीटर असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर घोडीवरची पट्टी खालून घासून ते कमी करता येते. पहिल्या पडद्याजवळ जोर लागत असेल तर वरच्या टोकाच्या पट्टीच्या खाचा थोड्या खोल कराव्या लागतात. काम छोटे आहे, पण जाणत्या हाताचे आहे. एक घास जास्त झाला की तार पडद्यावर खरखरते.

इथे एक हिशेब चुकवू नये. दुरुस्तीचा खर्च आणि त्यासाठीची खेप किमतीत धरली पाहिजे. २,२०० रुपयांच्या वाद्यावर ६०० रुपये घालावे लागले तर ते २,८०० रुपयांचे वाद्य झाले. शिवाय घासकाम केल्यावर ते परत करता येत नाही. म्हणून ठेवायचे की नाही हे आधी ठरवावे, कानस नंतर हातात घ्यावी.

सोलापूरच्या हवेत कोणते टिकते?

जाणकार बहुधा अखंड लाकडाचे वाद्य घ्या असे सांगतात, कारण थरांच्या लाकडापेक्षा त्याचा आवाज खुलतो. सल्ला बरोबर आहे, पण तो हवा बघून घ्यावा. अशा वाद्यांना आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असलेली मानवते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी पडते. अखंड लाकूड आकसते, पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटांना टोचतात, कधी फळीला चीर जाते. प्लायवूडसारख्या थरांच्या लाकडाचे वाद्य हे जास्त सोसते.

म्हणजे सवलतीत मिळालेले युकुलेले ‘फक्त प्लायवूडचे’ आहे, ही तक्रार सोलापुरात तितकीशी खरी नाही. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत राहणाऱ्या आणि वाद्य दुचाकीवरून क्लासला नेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तो गुणच ठरतो. बंद गाडीत किंवा गच्चीवर मात्र कोणतेच वाद्य ठेवू नये. डिंक सुटतो आणि घोडी उचकटते.

कायदा कोणाच्या बाजूने?

इथे गैरसमज मोठा आहे. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू कारण न देता १४ दिवसांत परत करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. भारतात तसा सरसकट हक्क नाही. ‘मन बसले नाही’ म्हणून वस्तू परत घ्यायची की नाही, हे विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असते. त्यामुळे ते धोरण पैसे भरण्याआधी वाचायचे असते.

दोष असेल तर मात्र चित्र बदलते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेणे वा पैसे देणे नाकारता येत नाही. २०१९ च्या कायद्यानेही सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत न घेणे अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. ‘सवलतीचा माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला ढाल होऊ शकत नाही.

अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा. ‘ओरखडा आहे म्हणून स्वस्त’ असे आधीच सांगून विकले असेल, तर त्याच ओरखड्यावर तक्रार चालत नाही. माप ‘सोप्रानो’ असे स्पष्ट लिहिले होते आणि तेच आले, तर तोही दोष नव्हे.

विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी सोलापूरकराला दिल्ली गाठावी लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही.

‘ठेवा’ म्हणणाऱ्यांचे काय चुकते, काय बरोबर?

त्यांचे एक म्हणणे वजनदार आहे. आदर्श वाद्याची वाट पाहणारे पुष्कळदा शिकायला सुरुवातच करत नाहीत. आणि युकुलेले हे मुळात मानमरातबाचे वाद्य नाही. १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरचे मजूर हवाईला आले. त्यांच्यासोबतच्या छोट्या तंतुवाद्यांवरून, त्यांच्यातल्याच सुतारांच्या हातून होनोलुलूत हे वाद्य घडले. घराच्या ओसरीवर वाजणाऱ्या या हलक्या वाद्याकडून मैफिलीची अपेक्षा करणे बरोबर नाही. दीडदोन हजारांच्या वाद्यात एखादी उणीव असणारच.

चूक होते ती पुढे. ‘उणीव असणारच’ म्हणजे ‘कोणतीही उणीव चालेल’ असे नव्हे. सोलापूरकर चादर घेताना घडी उलगडून वीण, काठ आणि वजन पाहतो. रंग किंचित वेगळा असला तर चालवून घेतो, पण चादर आखूड असेल तर कितीही स्वस्त असली तरी घेत नाही. पाय उघडे राहणार हे त्याला कळते. वाद्यालाही हाच न्याय हवा.

मग निर्णय कसा घ्यावा?

त्या विद्यार्थिनीच्या चार तक्रारींकडे आता पुन्हा पाहता येईल. उतरणाऱ्या तारा आपोआप स्थिरावतील. पहिल्या पडद्यावरचा जोर दुरुस्तीने कमी होईल. ओरखड्याने आवाजात फरक पडत नाही. उरते ती बोटांची दाटी, आणि ती ना दिवसांनी जाते ना कानशीने. सोप्रानोच्या ताराच आखूड, त्यामुळे पडदे जवळजवळ असणारच. ही उणीव वाद्याची नाही, निवडीची आहे. म्हणूनच ती सर्वांत महागात पडते.

त्यामुळे परतीच्या मुदतीतले दिवस विचार करण्यात घालवू नयेत, वाजवण्यात घालवावेत. वेष्टन आणि बिल जपून ठेवावे, वाद्यावर काही चिकटवू नये आणि सलग चार दिवस रोज अर्धा तास वाजवावे. चौथ्या दिवशी बोटे सरावली आणि वाद्य आपण होऊन हातात घ्यावेसे वाटले, तर ठेवावे. लहान हातांच्या मुलासाठी तर हेच माप योग्य. पण बोटे अजूनही एकमेकांवर चढत असतील, तर परत करावे आणि पैसे साठवून ठरवलेले माप घ्यावे, मग सवलत असो वा नसो. परतीचा मार्ग बंद असेल तर ते घरातल्या किंवा ओळखीच्या लहान मुलाला द्यावे. कपाटावर ठेवू नये.

वाचलेले १,८०० रुपये हा या निर्णयातला सर्वांत मोठा आकडा वाटतो, पण तो निर्णयात धरायचाच नाही. छापील किंमत काहीही असो, खिशातून गेले ते २,२००. सहा महिन्यांनी ते वाद्य वाजत असेल, तर ते स्वस्त पडले. वाजत नसेल, तर ते सगळेच्या सगळे वाया गेले.