हात कापला, पण मेंदूच्या नकाशात तो अजूनही आहे! नवं संशोधन नेमकं काय सांगतं?

हात कापावा लागून वर्ष उलटलं, तरी त्याच हाताची बोटं दुखतायत, असं कुणी सांगितलं तर घरच्यांना वाटतं, हे मनाचे खेळ आहेत. पण तसं नाही. अवयव गमावलेल्या बहुतेकांना तो अवयव नंतरही जाणवत राहतो आणि अनेकांना त्यात खरोखर वेदना होतात. याला ‘फँटम लिंब’ म्हणतात.

असं का होतं, याचं एक उत्तर गेली तीसेक वर्षं सांगितलं जातंय. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासाने त्या उत्तरालाच धक्का दिलाय.

जुनं उत्तर काय होतं?

मेंदूचा सर्वांत बाहेरचा, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा, घड्या पडलेला थर म्हणजे कॉर्टेक्स. त्यात आपल्या शरीराचा जणू नकाशाच असतो. बोटं, तळहात, ओठ, पाय, प्रत्येकाला ठरलेली जागा. गंमत म्हणजे या नकाशात हाताच्या शेजारी चेहरा येतो.

१९९१ मध्ये माकडांवरचा एक अभ्यास आला. हाताकडून येणाऱ्या संवेदना वर्षानुवर्षं बंद असलेल्या माकडांत, हाताची जागा चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देत होती. पुढे व्ही. एस. रामचंद्रन यांना असे रुग्ण भेटले, ज्यांच्या गालाला हात लावला की गमावलेल्या हातालाच स्पर्श झाल्यासारखं वाटायचं.

निष्कर्ष निघाला की हाताची रिकामी जागा शेजारचा चेहरा बळकावतो आणि या गोंधळातून वेदना होतात. आरशात चांगला हात दाखवून मेंदूचा नकाशा ‘दुरुस्त’ करण्याच्या उपचारालाही याच विचाराचा आधार मिळाला.

नव्या अभ्यासात काय केलं?

आधीच्या बहुतेक अभ्यासांत हात गमावलेल्यांची तुलना इतरांशी व्हायची. हंटर शोन, ख्रिस बेकर आणि टमार माकिन यांच्या टीमने तीच माणसं आधी आणि नंतर तपासली. वैद्यकीय कारणाने हात काढावा लागणार होता, अशा तीन जणांचं ऑपरेशनपूर्वीच एमआरआय स्कॅन केलं. बोटं हलवा, ओठ हलवा, असं सांगून मेंदूत काय होतं ते नोंदवलं. ऑपरेशननंतर पुन्हा तेच केलं, एका व्यक्तीच्या बाबतीत तर पाच वर्षांनीही. यावेळी ‘नसलेली’ बोटं हलवायला सांगितली.

दोन्ही वेळचे नकाशे जवळपास सारखेच निघाले. ऑपरेशनआधीच्या स्कॅनवर शिकवलेला कम्प्युटर प्रोग्राम, आता नसलेलं कोणतं बोट हलवायचा प्रयत्न चाललाय, हे ओळखू शकत होता. ओठांनी हाताच्या जागेत अतिक्रमण केलेलं नव्हतं.

मग आधी चूक कुठे झाली?

निवडणुकीचं उदाहरण घ्या. मतदारसंघातला दिग्गज उमेदवार उभाच नसेल, तर एरवी डिपॉझिट जप्त होणारा अपक्षही निवडून येऊ शकतो. याचा अर्थ त्याची मतं वाढली असा नाही.

कॉर्टेक्सच्या एकाच भागात अनेक अवयवांचे हलके संदेश आधीपासून असतात. हाताचा जोरदार संदेश थांबला की चेहऱ्याचा क्षीण संदेश उठून दिसतो. पुष्कळ अभ्यासांनी प्रत्येक जागेचा फक्त ‘विजेता’ पाहिला. नसलेला हात हलवून बघा, असं रुग्णाला सांगितलंच नाही.

रुग्णांना याचा काय उपयोग?

मेंदूचा नकाशा बिघडलेलाच नसेल, तर तो दुरुस्त करण्याऐवजी कापलेल्या नसांकडे जास्त लक्ष द्यावं लागेल. तिघांपैकी एका व्यक्तीच्या नसा ऑपरेशनमध्ये नव्या स्नायू-त्वचेला जोडल्या होत्या. तिला आता वेदना नाहीत. नेहमीच्या पद्धतीने ऑपरेशन झालेल्या दोघांना मात्र आहेत. अर्थात, तीन माणसांवरून उपचार ठरत नसतो. कुणाला आरशाच्या उपचाराने बरं वाटत असेल, तर तो यामुळे लगेच बंद करायचंही कारण नाही.

दुसरी आशा कृत्रिम हाताची आहे. नकाशा टिकून असेल, तर मेंदूचे संकेत वाचून चालणारा हात वर्षांनंतरही उपयोगी पडू शकतो.

म्हणजे मेंदू बदलतच नाही?

बदलतो, पण त्याला मर्यादा आहेत. लहानपणी बदल सर्वांत वेगाने होतात. म्हणूनच एक डोळा कमजोर असलेल्या मुलांच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायचा उपचार लवकर सुरू करतात.

मोठेपणीही सराव कामी येतो. २००६ मध्ये अमेरिकेत स्ट्रोकच्या २२२ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. त्यात काहींचा चांगला हात जाड मोज्यात ठेवून कमजोर हाताकडूनच कामं करून घेतली. त्यांच्या हातात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण वाचलेल्या पेशींचे जोड सरावाने मजबूत होऊ शकतात.

त्यामुळे ‘२१ दिवसांत मेंदू रीवायर करा’ असं रील समोर आलं, तर सरळ पुढे स्क्रोल करा. घरात स्ट्रोकचा रुग्ण असेल, तर फिजिओथेरपी अर्धवट सोडू देऊ नका. आणि हात किंवा पाय गमावलेलं कुणी ‘दुखतंय’ म्हणालं, तर ‘भास होतोय’ असं उत्तर देऊ नका. त्याच्या मेंदूसाठी तो अवयव अजून जागेवरच आहे.