ज्ञान जनतेचे, काटा मक्तेदारांचा!

25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मंजुरी दिली आणि ज्ञानाची दारे सर्वांना खुली झाल्याचा डांगोरा पिटण्यात आला. तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13 हजार नियतकालिके, 6300 हून अधिक सरकारी संस्था, जवळजवळ 1.8 कोटी विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक, असे हे आकडे आहेत. जिल्ह्याच्या गावातील सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला काल जे वाचता येत नव्हते ते आज वाचता येते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा पैसा कोणाच्या खिशात जातो, आणि कोणाच्या श्रमाबद्दल जातो, हा मूळ प्रश्न या जयघोषात बुडवून टाकला जात आहे.

श्रम कोणाचे, मालकी कोणाची?

शोधनिबंध लिहितो तो बहुधा सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठातील किंवा प्रयोगशाळेतील संशोधक. त्याची तपासणी करतो दुसरा संशोधक, तीही बहुधा विनामूल्य. मालकी हक्क मात्र प्रकाशक लिहून घेतो, आणि तोच निबंध त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी आकारून विकतो. कच्चा माल फुकट, मजुरी फुकट आणि गिऱ्हाईक बांधलेले! एल्सव्हिअरची मालक असलेल्या रेलेक्स कंपनीने 2023 साली आपल्या वैज्ञानिक प्रकाशन विभागात दर शंभर पौंडांच्या उत्पन्नामागे सुमारे 38 पौंड नफा दाखवला, यात मग नवल ते काय?

तळटिपांचा व्यापार

ही लूट केवळ निबंधांपुरती थांबत नाही. कोणता निबंध शोधावा, कोणता महत्त्वाचा मानावा, हे सांगणारी साधनेही याच वर्तुळात बंदिस्त आहेत. 1955 साली यूजीन गारफील्ड या अमेरिकन अभ्यासकाने संदर्भ-निर्देशिकेची कल्पना मांडली. प्रत्येक निबंधाच्या शेवटी जुन्या निबंधांचे निर्देश असतात; ते उलटे मांडले, तर जुन्या निबंधाचा आधार पुढे कोणी कोणी घेतला हे कळते. विचारांचा माग काढण्याचे हे अत्यंत उपयुक्त साधन होते. विज्ञानाच्या सामाजिक कार्यावर 1939 साली मूलगामी ग्रंथ लिहिणारे ब्रिटिश मार्क्सवादी वैज्ञानिक जे. डी. बर्नाल यांनीही त्याचे स्वागत केले होते. 1964 पासून फिलाडेल्फियातील गारफील्ड यांची संस्था ही निर्देशिका प्रसिद्ध करू लागली.

पुढे या साधनाचे काय झाले? 1992 साली ते थॉमसन कंपनीने विकत घेतले. 2016 साली ओनेक्स आणि बेअरिंग या गुंतवणूकदार कंपन्यांनी थॉमसन रॉयटर्सचा हा सारा विभाग 355 कोटी डॉलर्सना घेतला आणि त्याचे नाव क्लॅरिव्हेट झाले. हा सौदा उभा होता तो मुख्यतः जगभरच्या संशोधकांनी लिहिलेल्या तळटिपांवर आणि त्यांनी केलेल्या शोधांच्या नोंदींवर! दुसरी मोठी निर्देशिका स्कोपस, 2004 साली एल्सव्हिअरने काढली. म्हणजे माल विकणारा आणि काटा धरणारा एकच. बाजारात आडत्याच्या काट्यावर धान्य घालणाऱ्या शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि या काट्यावर आपल्याच संस्थांना तोलण्याचे काम आपलेच सरकार करते. विद्यापीठांची राष्ट्रीय क्रमवारी ठरवताना संशोधनाचे आकडे स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स यांच्याकडून घेतले जातात. स्कोपसमध्ये प्रवेश हवा असेल, तर निबंधाचे शीर्षक व सारांश इंग्रजीत आणि संदर्भ रोमन लिपीत असले पाहिजेत, अशी अट आहे. मराठी, बंगाली किंवा तमिळ भाषेत, आपापल्या लिपीत संदर्भ देऊन लिहिलेले शेतमजुरांवरील अथवा गिरणगावावरील संशोधन कितीही मोलाचे असो, या काट्यावर त्याचे वजन शून्य!

‘बोगस’चा बागुलबुवा

यावर असा युक्तिवाद केला जातो की, या निर्देशिका नसतील तर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस नियतकालिकांचा सुळसुळाट होईल. हा रोग खरा आहे. पण त्याचे मूळ अन्यत्र आहे. 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीला गुणांची मोजदाद जोडली, आणि मोजदादीतून बाजार फोफावला. शिवाय या निर्देशिका तरी कोठे सोवळ्या आहेत? मार्च 2023 मध्ये क्लॅरिव्हेटला 50 हून अधिक नियतकालिके आपल्या यादीतून काढावी लागली. त्यांत विली या बड्या प्रकाशकाच्या हिंदावी शाखेची 19 होती. त्याच वर्षी हिंदावीचे 8000 हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

देशी यादीचा एक प्रयत्न झाला होता. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या साहाय्याने आयोगाने 2019 साली ‘केअर’ यादी प्रसिद्ध केली. तिच्यात दोष होते. ते दुरुस्त करण्याऐवजी फेब्रुवारी 2025 मध्ये यादीच रद्द झाल्याचे जाहीर करून निर्णय संस्थांच्या गळ्यात टाकण्यात आला. सार्वजनिक यंत्रणा मोडली की तिची जागा तयार खाजगी यंत्रणा घेते, हा अनुभव नवा नाही.

दरम्यान, वर्गणी योजनेचा पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरताच आहे. खाजगी महाविद्यालयातील विद्यार्थी, स्वतंत्र अभ्यासक, कामगार संघटनेसाठी अहवाल लिहिणारा कार्यकर्ता बाहेरच. आणि एल्सव्हिअर, विली व अमेरिकन केमिकल सोसायटी यांच्या दाव्यावरून ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने साय-हब रोखण्याचा आदेश दिल्याने अनेकांची मागची वाटही बुजली.

पर्याय आहे

ब्राझीलमध्ये 1990च्या दशकाच्या अखेरीपासून सायेलो हे सार्वजनिक पैशावर उभे असलेले खुले डिजिटल ग्रंथालय चालू आहे. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाने 2024 पासून वेब ऑफ सायन्सची वर्गणी बंद करून ओपनअॅलेक्स या खुल्या निर्देशिकेची वाट धरली. भारतानेही 1952 साली दिल्लीत इन्सडॉक हे वैज्ञानिक प्रलेखन केंद्र उभारले होते, आणि 1965 पासून भारतीय संशोधनाचे सारांश प्रसिद्ध केले होते. क्षमता होती, तिला वाढवण्याची इच्छा उरली नाही.

सबब अध्यापक, विद्यार्थी आणि ग्रंथालय कर्मचारी यांच्या संघटनांनी पुढील मागण्यांसाठी उभे राहिले पाहिजे : सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन विनामूल्य खुले असावे, सर्व भारतीय भाषा आणि लिपींतील संशोधनाची सार्वजनिक संदर्भ-निर्देशिका उभारावी, प्रकाशकांशी झालेल्या करारांच्या अटी जाहीर कराव्यात, आणि बढती व क्रमवारी यांतून परकी खाजगी काटा हद्दपार करावा. करारांची मुदत 2027 अखेर संपते. त्यानंतर पुन्हा तेच भाडे भरायचे की स्वतःचे घर बांधायचे, याचा निर्णय बंद खोलीत होता कामा नये.