मंडईत गाठता येणारा विश्वस्त

महिन्यातून एकदा जमायचे, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम करायचे, खजिनदारांनी जमाखर्च मांडायचा, चहा-बिस्किटे झाली की ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ काढायचे आणि चपला शोधत घरी जायचे. धर्मादाय रुग्णालयाच्या मानद कार्यकारिणीचे हे चित्र पुण्यात साऱ्यांच्या ओळखीचे आहे आणि ते अगदीच खोटे नाही. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासायला हवा. निवृत्त मुख्याध्यापक, दोन-तीन व्यापारी, एखादा बागायतदार आणि एक वकील यांना अतिदक्षता विभागातले काय कळते? रुग्णालय म्हणजे आता कोट्यवधींचा व्यवहार. तो पगारी, जाणत्या माणसांच्या हाती सोपवावा आणि हौशी मंडळींनी हारतुऱ्यांपुरते यावे, असे म्हणणारे वाढत चालले आहेत.

पुण्याच्या हडपसर उपनगरात बसून असे म्हणणे जरा गमतीचे आहे. इथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकर जमीन एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि मगरपट्टा सिटी उभी केली. ऊसवाल्यांना नगररचनेतले काय कळते, हा प्रश्न तेव्हाही होताच. त्यांनी नकाशे स्वतः काढले नाहीत. ते काम हफीज कॉन्ट्रॅक्टर यांच्यासारख्या वास्तुरचनाकाराकडे दिले. काय बांधायचे आणि कुणासाठी, हे मात्र आपल्या हातात ठेवले. विश्वस्तालाही कुणी शस्त्रक्रिया करायला सांगत नाही. डॉक्टर नेमणे, त्यांना हिशेब विचारणे आणि संस्था मुळात कशासाठी काढली होती याची आठवण देत राहणे एवढेच त्याचे काम. ते वाटते त्याहून अवघड असते.

यावर एक रास्त हरकत निघते. शेतकऱ्यांची जमीन अडकली होती, विश्वस्ताचे काय अडकले आहे? ना पगार, ना नफा. सभेला आला काय आणि न आला काय, त्याचे काय बिघडते?

उत्तर हडपसरच्याच माळवाडीत सापडते. डॉ. दादा गुजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हडपसरला महाराष्ट्र आरोग्य मंडळ उभे केले. साने गुरुजींच्या नावाचे रुग्णालय त्याच संस्थेचे, सुमतीभाई शहा आयुर्वेद महाविद्यालयही तिचेच. पुढे हमाल पंचायतीमुळे आणि ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीमुळे महाराष्ट्रभर ओळखले गेलेले डॉ. बाबा आढाव हेही या कामाशी जोडलेले होते. तेव्हाचे हडपसर म्हणजे मळे, भाजीपाला आणि नव्याने येऊ घातलेले कारखाने. अशा गावात दवाखान्याच्या समितीवरच्या माणसाला पगार नसला तरी पत्ता असतो. तो भाजी मंडईत सापडतो, लग्नाच्या पंगतीत सापडतो, दशक्रियेच्या घाटावर तर हमखास सापडतो. ‘अण्णा, तुमच्या दवाखान्यात आमच्या पोराला दोन तास बसवून ठेवलं’ हे तिथे चारचौघांत ऐकवले जाते. अडकलेले असते ते त्याचे तोंड, आणि ते त्याला रोज त्याच गल्लीत दाखवायचे असते.

हे बंधन किती वजनाचे, ते दुसऱ्या टोकाकडे पाहिल्यावर कळते. ‘सह्याद्री’ ही पुण्यातच जन्मलेली रुग्णालयांची साखळी. तिचे एक रुग्णालय हडपसरलाही आहे. तिची बहुसंख्य मालकी २०१९ मध्ये एका गुंतवणूक संस्थेकडे गेली, २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीकडे, आणि २०२५ मध्ये ती मणिपाल समूहाने घेण्याचे ठरले. यात बेकायदा काही नाही, उपचारही वाईट आहेत असे नाही. पण हडपसरशेजारच्या फुरसुंगीच्या रुग्णाला बिलाबद्दल मालकाला गाठायचे झाले, तर मधल्या त्या तीन वर्षांत त्याने टोरांटोच्या कोणत्या मंडईत जायचे होते?

पगारी जाणकारांवरच्या भाबड्या विश्वासाची इंग्लंडने फार मोठी किंमत मोजली. मिड स्टॅफर्डशर या सरकारी रुग्णालय न्यासाचे संचालक मंडळ पगारी आणि अनुभवी होते. जमाखर्च जुळवणे, सरकारी उद्दिष्टे गाठणे आणि ‘फाउंडेशन ट्रस्ट’चा दर्जा मिळवणे यात ते गढलेले असताना वॉर्डांत रुग्णांचे अतोनात हाल चालले होते. तो दर्जा २००८ मध्ये मिळालाही. बोभाटा झाला तो रुग्णांच्या नातेवाइकांनी चिकाटीने धरलेल्या तक्रारींमुळे, आणि २०१३ च्या फ्रान्सिस चौकशी अहवालाने मंडळावर नेमका हाच ठपका ठेवला, की त्याने रुग्णांचे ऐकले नाही. ताळेबंद वाचता येणारी माणसे तिथे भरपूर होती.

याच्या अगदी उलट गडचिरोलीत घडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. रुग्णालय बांधण्याआधी त्यांनी आदिवासींनाच विचारले, की दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, आमच्या गावासारखा असावा, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता यावे, अशी उत्तरे आली. म्हणून शोधग्राममध्ये झोपड्यांसारख्या खोल्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. रुग्ण दवाखान्यात का येत नाहीत, हे वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते जंगलातल्या माणसाला ठाऊक होते.

इथवर मानद मंडळींची बाजू सोपी आहे. अवघड भाग पुढे आहे, आणि तो टाळून त्यांची वकिली करणे म्हणजे त्यांच्याच सभेतला गुळगुळीत ठराव मांडण्यासारखे होईल.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीच्या कुटुंबाकडे लाखोंची अनामत मागितल्याचा आरोप झाला. त्या महिलेचा दुसरीकडे प्रसूतीनंतर मृत्यू झाला आणि शहर पेटून उठले. मोर्चे निघाले, चौकशा लागल्या. तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळले, की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ कक प्रमाणे अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. आणि या रुग्णांकडून दाखल करून घेताना अनामत मागता येत नाही. वीस वर्षे हा नियम कागदावर आहे. मग त्याची आठवण देण्याचे काम ज्यांचे, ते विश्वस्त या काळात काय करत होते, असा सवाल टीकाकार करतात. सवाल योग्यच आहे.

पण दोष पगार नसण्याचा आहे का? नीट पाहिले तर तो नाते तुटण्याचा आहे. रुग्णालय मोठे होते, रुग्ण पाच जिल्ह्यांतून येऊ लागतात, कार्यकारिणीवर मंडईत जाणाऱ्यांची जागा मोटारीतून उतरणारे घेतात. खुर्ची बापाकडून मुलाकडे जाते. विश्वस्त बदलल्याची नोंद करणारा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वर्षानुवर्षे पडून राहतो आणि तोवर जुनीच नावे परिशिष्टावर झळकत राहतात. अशा मंडळाला उद्या भरघोस मानधन सुरू केले, तर बदलेल ते एवढेच, की प्रश्न न विचारण्याचेही पैसे मिळू लागतील. ज्याचे मानधन व्यवस्थापनाच्या मर्जीवर, त्याची जीभ आणखी जड होते.

म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राने याच विश्वस्त व्यवस्था कायद्यात केलेली दुरुस्ती नेमक्या दुखण्यावर बोट ठेवणारी आहे. विश्वस्तपत्रात वेगळी तरतूद नसेल तर तहहयात विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त असू नये, असे तिने ठरवले. खुर्ची रिकामी होण्याची वाट त्यामुळे निदान उघडली. त्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसेल, हे काही कायदा सांगत नाही.

तिथे बसायला योग्य माणसे आहेत आणि पुणे जिल्ह्याने ती पाहिलीही आहेत. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होते. गावच्या समित्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांना गुणपत्रके दिली आणि जनसुनवाईत साध्या बायाबापड्यांनी माइक हातात घेऊन डॉक्टर का नव्हते, औषध बाहेरून का आणायला लावले, हे अधिकाऱ्यांना विचारले. त्यांच्यापैकी कुणी व्यवस्थापनाची पदवी घेतलेली नव्हती. त्यांनी त्या केंद्राच्या बाकावर ताटकळत काढलेल्या सकाळी हीच त्यांची पात्रता होती.

शहरातल्या धर्मादाय रुग्णालयांनी ही पात्रता आपल्या घटनेत लिहायला काय हरकत आहे? कार्यकारिणीत दोन जागा अशा, की ज्यांवर गेल्या तीन वर्षांत त्याच रुग्णालयाच्या सामान्य कक्षात स्वतः राहिलेली किंवा घरच्याला घेऊन राहिलेली माणसे बसतील. मुदत तीन वर्षांची, फार तर दोनदा. पहिल्या महिन्यात कुणीतरी बसून त्यांना ताळेबंद वाचायला शिकवावा; ते दोन संध्याकाळींचे काम आहे. आणि सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर इतिवृत्तानंतरचा दुसरा विषय कायमचा ठरलेला असावा: निर्धन रुग्ण निधीत या महिन्यात किती जमा झाले, किती खर्च पडले, राखीव खाटांपैकी किती रिकाम्या राहिल्या आणि कुणाला परत पाठवले. चहा त्यानंतर यावा.